काकांच्या रेडिओ-कॅसेटी अर्काइव्हवर चढवायच्या आहेत. कापायच्या की अख्ख्या?

रामबागकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

इंदूरच्या रामबागेतलं आमचं जुनं घर पाडून तिथे मजले चढणार आहेत. माळे रिकामे करताना काकांची लोखंडी पेटी खाली आली. आत शंभराच्या वर कॅसेटी आणि थोडे स्पूल (चकतीवर गुंडाळलेली मोठी टेप). काका बँकेत होते, आता मुलाकडे पुण्याला असतात. ऐंशी पार केलीय, पण फोनवर आवाज खणखणीत. साधारण ७०च्या दशकाच्या शेवटापासून ९०-९२ पर्यंत रेडिओवर जे आवडेल ते टू-इन-वनवर भरून ठेवायचं, हा त्यांचा एकच नाद. स्पूल त्याहून जुने, मित्राच्या ग्रुंडिग टेपरेकॉर्डरवर केलेले.

लेबलं वाचूनच मजा येते. 'मालवा हाउस, नंदाजी भेराजी, गहू.' 'शनि. रात्र, राष्ट्रीय कार्यक्रम, अर्धवट (वीज).' 'मुंबई ब, श्रुतिका, खरखर.' 'सिलोन, बुध.' 'कॉमेंट्री, नेहरू स्टेडियम, वेस्ट इंडीज.' तारखा जवळजवळ नाहीतच.

आता मुद्दा. हे सगळं डिजिटल करून इंटरनेट अर्काइव्हसारख्या ठिकाणी ठेवायचं मनात आहे. काका म्हणतात, "गाणी तेवढी काढून घे रे, मधली बडबड कोण ऐकणार?" मला नेमकं उलट वाटतं. गाणी तर कुठेही मिळतात. मधली बडबडच आता कुठे नाही: निवेदिकेचा आवाज, मंडीचे भाव, 'रुकावट के लिए खेद है', पुढच्या कार्यक्रमाची सूचना. म्हणून अख्खी बाजू, पहिल्या खटक्यापासून शेवटच्या खटक्यापर्यंत, जशीच्या तशी ठेवावी असं माझं मत आहे. पण यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही, आणि कायद्यातलं त्याहून नाही. जाणकारांनी सांगावं.

गाणीवेडा

काकांना माझं अनुमोदन. मी स्वतः वडिलांच्या कॅसेटींमधून गाणी वेगळी केली, नावं दिली, पेन ड्राइव्हवर टाकली. गाडीत लावतो. दीड तासाच्या फाइलमध्ये तेराव्या मिनिटाला गाणं आहे म्हटल्यावर कोण शोधत बसणार? आणि खताच्या जाहिराती जपून करायचंय काय?

सराफ्यातला

कित्येक गोष्टी यूट्यूबवर आधीच आहेत भिया. आधी शोधून बघा, उगाच दिवस घालवू नका. आकाशवाणीच्या संग्रहातलंही बरंच हल्ली प्रसार भारतीनंच नेटवर टाकलंय.

किलोहर्ट्झ

धागा बघून राहवलं नाही. प्रसारणाच्या तांत्रिक बाजूला हयात गेली, म्हणून चार गोष्टी सांगतो.

सराफ्यातले, केंद्रांच्या संग्रहात काय राहतं ते बघा. मोठ्या गवयांच्या मैफली, नेत्यांची भाषणं, गाजलेली नाटकं. रोजचा मामला राहत नाही. टेप महाग होती. कार्यक्रम वाजला, मुदत संपली, की तीच टेप पुसून पुन्हा भरायची, ही जगभरच्या नभोवाणीची रीत होती. निवेदन तर बहुतेक ठिकाणी थेट व्हायचं, त्याची टेप मुळात नसेच. त्यामुळे १९८१ सालच्या एखाद्या मंगळवारी संध्याकाळी इंदूर केंद्रावर काय बोललं गेलं, हे आज सापडलं तर अशाच कुणाच्या तरी पेटीत. धागाकर्त्याशी मी शंभर टक्के सहमत.

इंदूर केंद्र १९५५ च्या मे महिन्यात मालवा हाउसमध्ये सुरू झालं. आसपासच्या खेड्यांत ते ज्यामुळे पोचलं ते ग्रामीण कार्यक्रम, आणि त्यातही नंदाजी-भेराजींची मालवी जुगलबंदी. बियाणं, फवारणी, कर्ज, हुंडा, सगळं गप्पांत. गाणीवेडा, तुमच्या गाण्याची मूळ रेकॉर्ड कंपनीकडे आहे. भेराजींची कुणाकडे आहे?

शिप्राकाठ

माझं बालपण उज्जैनजवळच्या खेड्यात गेलं. संध्याकाळी पारावर एक रेडिओ आणि भोवती पंधरा माणसं. आमच्या आजोबांना वाटायचं भेराजी खरंच कुठेतरी शेती करतात, एकदा बैल घेऊन भेटायला जाऊ म्हणायचे. मालवी मला घरच्यासारखी येते. त्या कॅसेटींतलं बोलणं ऐकून गोषवारा लिहायला मी तयार आहे. रामबागकर, व्यनि (खासगी निरोप) केलाय.

रामबागकर

शिप्राकाठ, मनापासून आभार. घरात कुणालाच धड मालवी येत नाही, नुसतं ऐकून हसता येतं.

किलोहर्ट्झ काका, सुरुवात कुठून करू? एक जुना डेक आहे, चालतो, पण आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो.

किलोहर्ट्झ

कॅसेट लावायच्या आधी एक काम: मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन कान असतात, ते मोडलेले नसतील तर मोडा. भोकावर सेलोटेप चिकटवलेली असेल तर काढा. चुकून लाल बटण दाबलं गेलं तर चाळीस वर्षं जपलेलं अर्ध्या मिनिटात जाईल.

डेकचं हेड, कॅपस्टन (टेप ओढणारी धातूची बारीक दांडी) आणि रबरी पिंच रोलर कापसाने पुसा. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, रबराला कमीत कमी लावा. तपकिरी मळ निघेल, तो टेपचाच थर आहे. मग प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे पळवा. वर्षानुवर्षं एका जागी बसलेली टेप चिकटलेली असते.

कॅसेटच्या तोंडाशी तांब्याच्या पट्टीवर फेल्टचा छोटा तुकडा असतो, टेपला हेडवर दाबून धरणारा. जुन्या कॅसेटींत त्याचा गोंद वाळून तो गळून पडतो आणि आवाज एकदम बसतो. अशा वेळी नवी स्क्रूवाली कॅसेट उघडायची आणि जुनी टेप त्या खोक्यात बसवायची. निवांत हाताचं काम आहे.

'पाण्याखालून' आवाज बहुधा अझिमथचा, म्हणजे हेड टेपला ज्या कोनात टेकतं त्याचा. काकांच्या टू-इन-वनचं हेड केसभर वाकडं असणार आणि तुमच्या डेकचं वेगळ्या बाजूला. हेडशेजारी स्प्रिंगवाला बारका स्क्रू असतो. टेप वाजवत ठेवा, हेडफोनवर डावा-उजवा आवाज एकत्र करून ऐका, आणि स्क्रू अगदी हळू फिरवा. एका जागी 'स' आणि 'श' लख्ख होतात. ती जागा. हे प्रत्येक कॅसेटला नव्याने करावं लागतं, कारण काकांनी मधेच सेट बदलला असणार. डॉल्बीचं (खरखर कमी करायचं) बटण असेल तर बंद ठेवा.

टेपवाली

किलोहर्ट्झ यांनी सांगितलं ते सगळं सोन्यासारखं. मी विद्यापीठातल्या लोकसंगीताच्या टेपा डिजिटल करायचं काम केलंय, त्यामुळे पुढचं माझ्याकडून.

हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर, हा प्रकार नको. लाइन-आउटमधून बाहेरच्या यूएसबी साउंड कार्डात घ्या. सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी पुरतं. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना निदान ४८ आणि २४ म्हणते, पण डिस्क स्वस्त आहे, एकदाच करायचंय. स्टीरिओत तासाला साधारण २ जीबी होतात. शंभर कॅसेटी म्हणजे दोनशे-तीनशे जीबी. फ्लॅक केलं तर निम्म्याच्या आसपास, आणि एक कणही कमी होत नाही. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाजसुद्धा लाल रेघेला लागणार नाही. एमपी३ हवी तर नंतर करा, भरताना थेट एमपी३ नको.

आणि एक हात जोडून विनंती: 'नॉइज रिडक्शन' करून मूळ फाइलवर सेव्ह करू नका. कच्ची फाइल कच्ची राहू द्या. ऐकायला स्वच्छ प्रत हवी तर वेगळी करा.

नवाकोरा_इंजिनिअर

पण हल्ली एआयची टूल्स फुकट आहेत ना? खरखर, शिट्टी, घरघर सगळं जातं, निवेदिका स्टुडिओत बसल्यासारखी ऐकू येते. कच्ची फाइल ठेवायचा अट्टहास कशाला? दोनशे जीबीचा कचरा.

किलोहर्ट्झ

इंजिनिअरसाहेब, त्या 'कचऱ्यात' काय असतं ते सांगतो.

शॉर्टवेव्हवर केंद्रं ५ किलोहर्ट्झच्या अंतराने बसलेली असतात. सिलोनच्या शेजारी दुसरं केंद्र दणकून येत असेल तर दोन्ही वाहक लहरींच्या फरकाची शिट्टी ऐकू येते, म्हणजे ५००० हर्ट्झची. ती शिट्टी ट्रान्समीटरमधल्या स्फटिकांनी ठरवलेली. काकांच्या सेटचा बेल्ट सैल असो की सेल उतरलेले, हवेतून आलेली शिट्टी ५००० चीच होती. आता तुमच्या फाइलमध्ये ती ५२०० वर दिसली, तर भरताना टेप चार टक्के हळू पळत होती हे कळलं. त्या प्रमाणात गती उतरवा, निवेदकाचा खरा आवाज मिळतो. शिट्टी आधीच पुसली, तर मोजपट्टीच फेकून दिलीत.

एआयचं म्हणाल तर ते आवाज नुसता साफ करत नाही, जिथे कमी आहे तिथे अंदाजाने भरतंसुद्धा. भेराजींच्या तोंडी त्यांनी न उच्चारलेला 'ळ' घातला तर शिप्राकाठ कुठून ओळखणार?

नवाकोरा_इंजिनिअर

हे माहीत नव्हतं. भारी. मग विजेची घरघर घेऊन पण मोजता येईल की. ५० हर्ट्झ.

किलोहर्ट्झ

चांगलं सुचलं, पण आपल्याकडे जपून. त्या काळात ग्रिडवर ताण आला की वारंवारता ५० वर कुठे राहायची? ४८.५ पर्यंत सहज उतरायची. घरघरीवरून हिशेब केलात तर मध्य प्रदेशातल्या विजेच्या टंचाईचा हिशेब लागेल, टेपचा नाही.

याहून भरवशाची खूण म्हणजे मध्ये वाजलेली गाण्याची रेकॉर्ड. बाजारात त्याच रेकॉर्डची प्रत असते, तिच्या पट्टीशी ताडून बघा. तेव्हा गाणीवेडा, गाणीही कापायची नाहीत बरं का, तीसुद्धा कामाची आहेत.

गाणीवेडा

लोल. म्हणजे गाणी चालतील, फक्त ऐकण्यासाठी नाहीत.

अण्णा_लोकमान्यनगर

मी इंदुरातच राहतो. आमच्या घरी रात्री नऊनंतर मुंबई लावायचा कार्यक्रम असे. दिवसा मुंबई ऐकू यायची नाही, अंधार पडला की मीडियम वेव्ह आकाशातून परतून येते, मग ५५८ वर मुंबई ब आणि खाली-वर नागपूर. आवाज लाटांसारखा यायचा आणि बुडायचा. वडील कान लावून बसत आणि बुडालेलं वाक्य स्वतःच पुरं करत. आम्हा इंदूरकर मराठी पोरांना श्रुतिकेतले (रेडिओवरच्या नाटुकल्यातले) टेकाडे भावजी कळले ते असे अर्धेमुर्धे. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही, कारण त्यांच्याकडे तो स्वच्छ यायचा.

म्हणून 'मुंबई ब, श्रुतिका, खरखर' ही कॅसेट माझ्या मते पेटीतली सर्वांत आपली कॅसेट आहे. तो आवाज मुंबईचा असेल, पण ऐकणं इंदूरचं आहे.

सयाजीगंज

वडोदऱ्याहून +१. आमच्याकडे तर संस्थानाचं स्वतःचं नभोवाणी केंद्र होतं, स्वातंत्र्यानंतर ते ऑल इंडिया रेडिओत गेलं. त्या संस्थानी काळातलं रोजचं प्रसारण कुणाच्या घरी सापडेल ही आशा नाही, तेव्हा घरोघर टेपरेकॉर्डर कुठले? तुमच्या पिढीच्या काकांनी भरलं म्हणून तुमच्याकडे निदान पेटी तरी आहे. वाचनखूण साठवली.

वकिलीणबाई

सगळे यंत्रात रमलेत, म्हणून मी जरा थंड पाणी ओतते. घरी ऐकायला रेडिओवरून भरणं हा गुन्हा नाही. ते जगापुढे ठेवणं ही वेगळी गोष्ट.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एका कॅसेटवर चार-पाच हक्क एकमेकांवर बसलेले असतात. प्रसारणाचा हक्क प्रसारकाकडे, तो प्रसारणानंतरच्या वर्षापासून २५ वर्षं. १९८१ चं प्रसारण या हिशेबाने केव्हाच सुटलं. पण कलाकाराचा हक्क ५० वर्षांचा. ध्वनिमुद्रणाचा ६० वर्षांचा, प्रकाशनानंतरच्या वर्षापासून: १९६४ साली निघालेली रेकॉर्ड २०२४ च्या अखेरीला मोकळी झाली. आणि गीतकार, संगीतकार, श्रुतिकेचा लेखक यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे रेकॉर्ड मोकळी झाली तरी गाणं मोकळं झालेलं नसतं.

व्यवहारात काय करावं: सूची पूर्ण उघडी ठेवा, तिला कुणी हरकत घेऊ शकत नाही. कोणत्या कॅसेटवर कितव्या मिनिटाला काय आहे, हे जगाला कळू द्या. आवाज तीन ढिगांत वाटा. निवेदन, हवामान, बाजारभाव यांसारखं, जिथे जोखीम नगण्य, ते वर. ज्यात लेखक-कलाकार ओळखू येतात, त्यांच्या घरच्यांना किंवा केंद्राला पत्र लिहून विचारा. मालवा हाउसला एक साधा अर्ज द्यायला काय हरकत आहे? त्यांच्याकडे नसलेलं तुम्ही देऊ करताय. आणि सिनेमाची गाणी, शास्त्रीय मैफली घरच्या डिस्कवर. हा सल्ला ढोबळ आहे, प्रत्येक कॅसेटचं वेगळं निघेल.

गाणीवेडा

म्हणजे शेवटी जगापुढे खताच्या जाहिराती जाणार आणि गाणी पेटीत राहणार. काकांना सांगू नका.

रामबागकर

गाणीवेडा, सांगितलं. काका म्हणाले, "मग एवढा खटाटोप कशाला?" आणि पाच मिनिटांनी परत फोन करून विचारलं, नेहरू स्टेडियमची सापडली का.

ताई, तीन ढिगांची कल्पना पटली. फक्त अडचण अशी की एकाच बाजूवर तिन्ही ढीग आहेत. भेराजी, मग गाणं, मग बातम्यांचा तुकडा. कापायचं नाही म्हणतोय मी, आणि तुमच्या सांगण्याने तर कापावं लागेल.

टेपवाली

कच्ची फाइल अख्खी राहते, ती तुमच्याकडे. अर्काइव्हवर जाणारी प्रत वेगळी: तिच्यात गाण्याच्या जागी गाण्याएवढीच शांतता भरा आणि सूचीत लिहा की इथे अमुक गाणं होतं, ३ मिनिटं १० सेकंद. लांबी तीच राहिल्याने सूचीतली मिनिटं दोन्ही प्रतींना लागू पडतात. निवेदिका गाण्याआधी काय म्हणाली आणि नंतर काय, तो सांधा टिकतो.

अर्काइव्हवर प्रत्येक कॅसेटला एक पान करा, दोन बाजू म्हणजे दोन फाइली. पानाचा पत्ता एकदा ठरला की बदलत नाही, तेव्हा क्रमांकाची पद्धत आधी ठरवा. फ्लॅक चढवा, ऐकण्याची एमपी३ ते आपणहून करतात. लेबलाचा आणि खोक्याचा फोटोही द्या. काकांचं अक्षर हा पुरावाच आहे. आणि फक्त तिथेच ठेवून निवांत होऊ नका. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्या संस्थेवर हल्ला झाला तेव्हा साइट कित्येक दिवस बंद होती. एक डिस्क तुमच्याकडे, एक पुण्याला काकांकडे. प्रत्येक फाइलची चेकसम (फाइल बिघडली तर बदलणारा खुणेचा आकडा) काढून ठेवा, वर्षातून एकदा ताडून बघा.

मूळ कॅसेटींचं काय करणार? फेकू नका. गुरुग्रामला ध्वनिमुद्रणांचं एक मोठं संशोधन-संग्रहालय आहे, १९८२ साली स्थापन झालेलं, एआरसीई. देणाऱ्याच्या अटी लिहून घेऊन ते संग्रह सांभाळतात. शास्त्रीय संगीताचे स्पूल निघाले तर त्यांना जरूर विचारा.

अण्णा_लोकमान्यनगर

शहरातच का नको? महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या इथल्या संस्थांना विचारायला हवं. एक कपाट आणि एक संगणक. ऐकायला इंदूरकरच येणार ना शेवटी.

टेपवाली

ऐकण्याची प्रत इंदुरात, मूळ टेप थंड आणि कोरड्या खोलीत. दोन्ही होऊ शकतं. पावसाळ्यात माळव्यात बंद कपाटात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, टेपवर पांढरी बुरशी धरते.

सराफ्यातला

स्पूलचं कुणी बोललंच नाही. मी वाचलंय की जुने स्पूल ओव्हनमध्ये भाजावे लागतात?

किलोहर्ट्झ

थांबा थांबा, कुणी ओव्हन पेटवू नका.

भाजायचं ते ठरावीक टेपांना. ७० आणि ८०च्या दशकातल्या, पाठीवर काळा थर असलेल्या काही व्यावसायिक टेपांचा गोंद दमट हवेने चिकट होतो. त्या साधारण ५४ अंशांवर कित्येक तास ठेवून तात्पुरत्या बऱ्या करतात, तेही नेमकं तापमान धरणाऱ्या यंत्रात, घरच्या ओव्हनमध्ये नाही. तुमचे स्पूल ६०च्या दशकातले असतील तर ते अॅसिटेटचेही असू शकतात. उजेडासमोर धरा. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर अॅसिटेट. नाकाला लावा, व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती टेप कुजायला लागलीय, ती आधी घ्या आणि बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. अॅसिटेट भाजली तर संपली.

रामबागकर

स्पूल उजेडापुढे धरले. दोन आरपार दिसतात, एकाला लोणच्याचा वास. बाकी काळेभोर.

पहिली कॅसेट भरून झाली. मेलट्रॅकची ६०, लेबल 'नंदाजी भेराजी, गहू, ७७?' हे प्रश्नचिन्ह काकांचंच. शिप्राकाठांनी ऐकून लिहिलेली सूची अशी:

बाजू अ. ००:०० खटका. ००:०४ मालवी संवाद, मधूनच सुरू, गव्हाला पाणी कधी द्यावं. ०६:५० लोकगीत, बायकांचा समूह. ०९:३५ संवाद चालू, भेराजी थट्टेत म्हणतात की सोसायटीचं कर्ज आणि सासुरवाडीचं जेवण वेळेवर उतरवलेलं बरं. १४:१० मंडीचे भाव, आवाज बुडतो. १५:२२ घरातली बाई मराठीत: "अरे मुन्ना, दूध उतू गेलं बघ." १५:२५ पुढे भाव चालू. १९:०० निवेदिका, केंद्राचं नाव आणि मीटर-किलोहर्ट्झ. १९:४० गाणं सुरू. २०:०५ खटका, टेप बंद.

ती बाई म्हणजे आमची आजी. मुन्ना म्हणजे काका. ती तीन सेकंदं वर जावीत की नाही, यावर घरात दोन तट पडलेत. आत्या म्हणते मुळीच नाही, दूध उतू गेलेलं जगाला कशाला सांगायचं.

वकिलीणबाई

आत्यांचं ऐका. घरच्यांचा होकार हा कायद्याच्या आधी येतो. कच्च्या प्रतीत आहेच की.

शिप्राकाठ

१४:१० चे भाव मला नीट लागले नाहीत, तिथे 'अस्पष्ट' असंच लिहिलंय. अंदाजाने आकडे घालणार नाही. लोकगीत कोणत्या भागाचं आहे ते आईला ऐकवून सांगतो, ती चालीवरून गाव ओळखते.

किलोहर्ट्झ

१९:०० ला निवेदिका नेमकं काय म्हणते? किती किलोहर्ट्झ?

रामबागकर

"छह सौ अड़तालीस." दोनदा ऐकलं, स्पष्ट आहे.

किलोहर्ट्झ

मग ७७ नाही. मीडियम वेव्हची नवी वाटणी जिनिव्हात १९७५ साली ठरली आणि २३ नोव्हेंबर १९७८ पासून लागू झाली. तेव्हापासून आपल्याकडची केंद्रं ९ च्या पटीत बसली. ६४८ ला ९ ने भाग जातो, ७२ येतात. मुंबईचं ५५८ बघा, १०४४ बघा, तेच. त्याआधी आपल्या भागात १० च्या पटीतले आकडे असत. तेव्हा ही कॅसेट नोव्हेंबर ७८ नंतरची. आणि गव्हाच्या पाण्याची चर्चा म्हणजे हिवाळा. ७८-७९ चा हंगाम किंवा त्यापुढचा.

नेहरू स्टेडियमची वेस्ट इंडीजवाली तर तारखेसकट लागेल. १ डिसेंबर १९८३ चा एकदिवसीय सामना.

रामबागकर

काकांना सांगितलं. म्हणाले, "७७ च. त्या वर्षी मला तो सेट मिळाला." मी ६४८ चं गणित ऐकवलं. थोडं थांबून म्हणाले, "मग रेडिओवाल्यांनी आधीच बदललं असेल." सूचीत 'लेबलावर ७७, निवेदनावरून नोव्हेंबर १९७८ नंतर' असं दोन्ही लिहितोय.

टेपवाली

अगदी बरोबर. लेबल खोडायचं नाही, शेजारी लिहायचं.

अण्णा_लोकमान्यनगर

आंबट वासाच्या स्पूलला थांबून चालणार नाही. माझ्याकडे स्पूल मशीन आहे, चालू आहे, सेकंदाला पावणेचार आणि साडेसात इंच, दोन्ही गतींचं. रविवारी सकाळी घेऊन येतो. किलोहर्ट्झ, तुम्हीही याल का? पोहे-जिलेबी माझ्याकडून.

किलोहर्ट्झ

येतो. अण्णा, मशीनला मागे पाच पिनांचं डिन सॉकेट असेल, साधी आरसीए वायर लागणार नाही. तुमच्याकडे ती वायर आहे का? नसेल तर शनिवारी महाराणी रोडला बघतो, आणि तिथे नाही मिळाली तर पिना सोल्डर करून आणतो. आणि रामबागकर, तो स्पूल तोपर्यंत पळवून बघू नका, आहे तसाच ठेवा.